खांबावरचा पाट

खांबावर आधी हात दुखत नाहीत, पोटऱ्या दुखतात. मग पावलाची कमान. मग कमरेचा बेल्ट माकडहाडाच्या वर चावायला लागतो. बेल्ट तोलून धरेल यावर विश्वास नसला की माणूस खांबाला कवटाळतो आणि दमून लवकर खाली येतो. भीती वाटली तरी अंग मागे सोडायचं, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

वेवजीला विजेच्या खांबांसाठी खड्डे खणण्यापासून मी सुरुवात केली. मला कुणी फुकट काही शिकवलं नाही. बेल्टखाली जुन्या गोधडीचा तुकडा घालायचा आणि त्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, हे एका म्हाताऱ्या वायरमनने माझ्याकडून कोंबडी वसूल करून सांगितलं. लोखंडी खांब तापला की नडगी पोळते, म्हणून जुने मोजे कापून पायावर चढवायचे, ही माझी स्वतःची युक्ती. ती मी कुणाला सांगितली नाही. पुढे सगळ्यांनी उचलली, तेव्हा भांडलो.

पण आराम म्हणजे काय, हे मी माझ्या जोडीदाराकडे पाहिलं.

तो डहाणूच्या किनाऱ्यावरचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. होडीत बसला की त्याला उलट्या व्हायच्या, म्हणून तो आमच्या कंत्राटी कामावर आला. "घरातले समुद्रावर जातात, मी समुद्र वरून बघतो," म्हणायचा. आजोबांची मोडलेली होडी अंगणात पडून होती. तिची एक फळी कापून, कोपऱ्यांना भोकं पाडून, त्यांतून होडीचाच दोर ओवून त्याने पाट केला होता. वर पोचला की बेल्ट लावायचा, दोर खांबावरच्या आडव्या लोखंडाला एका ओढीत सुटणाऱ्या सुरगाठीने बांधायचा आणि पाटावर बसायचा. जेवायला बसल्यासारखा. आम्ही पाय बदलत लोंबकळायचो आणि हा वर बसून गुणगुणत पक्कड चालवायचा.

मी तो पाट मागितला. तलासरीच्या बाजारात माझ्याशी भाव करताना दुकानदार आधी पाणी पितात, असा माझा लौकिक. तरी तो हलेना.

"नवीन बूट देतो."

"मापाचे नसतील."

"मग बोल ना, काय पाहिजे?"

"अरे, आमच्या होडीचं लाकूड आहे. विकायचं नाही. बसायचं असेल तर बस."

मी बसलो नाही. फुकट घेतलेल्या वस्तूचा मला कायम संशय येतो.

किनाऱ्यावर काम असलं की एक अडचण असायची. वारा बोलणं उडवून नेतो. मग आम्ही तारेवर बोलायचो. परमिट घेऊन लाईन बंद केलेली असायची. एका खांबावर मी, पुढच्यावर तो. पक्कडीने तारेवर दोनदा टकटक केली की, मी तयार, सोडू का? समोरून एक टक आली की, सोड. तारेवर हात ठेवला की ते हाडात कळतं, कानाची गरज नाही.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. खाली बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. सैल पडलेल्या तारा उतरवून पुन्हा ताणायच्या होत्या. ठरल्याप्रमाणे त्याने एक तार मोकळी केली. दुसरी माझ्या बाजूने सोडायची होती, म्हणून मी दोनदा टकटक केली आणि हात तारेवर ठेवून थांबलो.

उत्तर आलं नाही.

मी पुन्हा टकटक केली. मग तार माझ्या हातातच ढिली पडली. मान वळवली, तेव्हा त्याचा खांब हळूहळू कलत होता, आणि त्याच्याबरोबर तो. आवाज नंतर आला. खांब बांबूंवर पडला.

खारं वारं लोखंडाला जमिनीलगत खातं. वरून चंदेरी रंग नवा होता, आत पापुद्रे. इतके दिवस त्या खांबाला तारांनीच धरून ठेवलं होतं. मी धावत पोचलो, तेव्हा जोडीदार गेलेला होता. बेल्टचा आकडा उघडलेला. पाट त्याच्यापासून लांब, वाळूत, शाबूत. दोर सुटा. म्हणजे खांब हलताच त्याने दोन्ही सोडलं होतं. पाटाने त्याला धरून ठेवलं नव्हतं. त्याला उडी मारायला वेळच पुरला नाही, इतकंच.

हे मी ऑफिसात सांगितलं. साहेब म्हणाले, "कामावर झोपाळे बांधून बसतात. अडकला असणार त्याच्यात. आराम पाहिजे ना सगळ्यांना."

मी म्हणालो, "साहेब, तुमची खुर्ची तर फिरते. तुम्ही कधी पडलात?"

मला कामावरून काढलं. खांब कुणी तपासला नव्हता, हे कुणीच बोललं नाही. पाट मात्र त्यांनी स्टोअरमध्ये खिळ्याला टांगला. नवीन माणसं आली की त्यांना तिथे नेऊन दाखवायचे. हा बघा आराम. साहेब बदलले, रंग बदलला, खिळा तोच. ज्याने चूक केली नाही तो माणूस वर्षानुवर्षं त्या भिंतीवर चुकीचा ठरून लटकत होता.

मी माझी स्वतःची टोळी उभी केली. तलासरीपासून कोसबाडपर्यंत कामं घेतली. त्या ऑफिसातही सामानासाठी जावं लागे. स्टोअरकीपरला मी पाट मागायचो. "जमा माल आहे," तो म्हणायचा. मी शिव्या घालायचो, तो चहा मागवायचा. आणि खांबावर चढलो की माझा हात तारेवर जाऊन थांबायचा. काम नसताना. माझी माणसं खालून बघायची. त्यांना वाटायचं, मी वारा बघतोय.

मग जत्रेच्या तोंडावर वादळी वारं आलं आणि जत्रेच्या मैदानाकडची लाईन आडवी झाली. सगळ्या टोळ्या गुंतलेल्या, मोकळी फक्त माझी. नव्या साहेबांनी बोलावलं. आता मी त्यांना पिळणार, अशी तयारी करूनच ते बसले होते.

"भाव तुम्ही म्हणाल तो," मी म्हणालो. "स्टोअरमधला तो पाट मला पाहिजे."

"कुठला? ते फळकूट?"

"तेच. आणि नवीन पोरांना त्याची गोष्ट सांगायची नाही."

साहेब हसले. "पाट घेऊन जा. गोष्टीचं मी काय करू? ती सगळ्यांना पाठ आहे."

इतका स्वस्त सौदा मी आयुष्यात केला नाही, आणि इतका वाईटही.

काम उरकून पाट घेऊन मी डहाणूच्या मासळीबाजारात गेलो. जोडीदाराची बायको तिथे बसते. एका बाईशी पापलेटवरून तिचं चाललं होतं. "काकी, तोंड बघून भाव नाही सांगितला, मासा बघून सांगितलाय." बाई घेऊन गेली. मग वहिनीचं लक्ष माझ्या काखेतल्या फळीकडे गेलं. तिने हात धुतले, पदराला पुसले.

"मोडला नाही?"

"नाही."

"मला वाटलं होतं मोडला असणार. लोक म्हणाले, अडकला त्यात."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, वहिनी."

"तुम्ही सगळ्यांशी भांडता, भाऊजी. तुमचं कोणतं खरं धरायचं?"

मी पाट तिच्यापुढे धरला.

तिने दोर हातात घेतला. दुकानाच्या छपराला टेकू दिलेल्या बांबूला, आडव्या खुंटीच्या वर, तिने स्वतः गाठ मारली, नवरा मारायचा तशी सुरगाठ. पाटावर बसली. पाय उचलून सगळा भार टाकला. शेजारच्या कोळणी बघायला लागल्या. एकीने विचारलं, "काय गं, झोके घेतेस?" दोराचं मोकळं टोक तिने एकदाच ओढलं.

गाठ सुटली. ती खाली टेकली, पाट बाजूला पडला. तिने पुन्हा बांधला, पुन्हा बसली, पुन्हा ओढला. पुन्हा सुटला.

ती ओल्या लादीवरच बसली. मग शेजारणीकडे बघून म्हणाली, "बघितलंस ना? सुटतो." शेजारीण म्हणाली, "बघितलं बाई." मग ती दुसऱ्या कोळणीकडे वळली. "तू पण बघितलंस?"

मला बोलता येईना, आणि बोलता आलं नाही की मी सौदा करतो. "घरात ठेवायचा नसेल तर मी घेतो. काय देऊ बोला."

"विकायचा नाही," ती म्हणाली. "बसायचं असेल तर बसा."

ती मासळीकडे वळली. मी पाट उचलला.

आता मी त्यावर बसतो. पोटऱ्या दुखत नाहीत, बेल्ट चावत नाही. पण फळी मधोमध झिजलेली नाही, डाव्या बाजूला झिजली आहे. तो डावीकडे कलून बसायचा, समुद्राकडे तोंड करून. त्या खळग्यात मीही कलतो. टोळीतला सुतारकाम जाणणारा एकजण म्हणाला, "दादा, रंधा मारून देतो, सरळ बसता येईल." त्याला मी असं झापलं की तो परत बोलला नाही.

काल वेवजीजवळ, जिथून गुजरातची हद्द दिसते, तिथे वर होतो. परमिट घेतलं होतं. दोनदा टकटक केली. पुढच्या खांबावरून माझ्या माणसाची टक लगेच आली, नीट, एकच. तार सोडायला काहीच हरकत नव्हती.

मी हात तारेवर ठेवून थांबलो. खालून कुणीतरी विचारलं, "दादा, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "अजून थांबा."