घरच्या माणसाची तक्रार

लोक भांडतात ते भांडतात, वर भांडणाला आपल्या सोयीचं नाव देतात. याचा मला मनस्वी राग येतो. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात फोन घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली तरी एखादे आजोबा "इथे राडा चाललाय!" म्हणून बोंब ठोकतात. आणि जिच्या दारात दीर कोयता घेऊन उभा असतो ती बाई दबक्या आवाजात म्हणते, "जरा बोलाचाली झालीय हो." आम्ही संगणकात जो शब्द भरू, त्यावर गाडी ठरते. मारामारीला ती तडक निघते. भांडणाला जवळची मोकळी झाली की जाते. आणि 'शाब्दिक वाद' म्हटलं, की हातातलं सगळं उरकून मग सावकाश.

या कामात आक्काचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. समोरचा बाचाबाची म्हणो, हमरीतुमरी म्हणो, आक्का त्याच्या शब्दावर कधीच विसंबली नाही. ती शांतपणे विचारायची, "कुणाच्या हातात काही आहे का?" मग पलीकडून खरं काय ते बाहेर पडायचं. नवरा बाजारातून आला तरी ही दारातच हे विचारत असेल, असं म्हणून आम्ही तिला चिडवायचो. तीही हसायची.

तिचा धाकटा भाऊ बसथांब्याजवळच्या भिंतीला टेकून किल्ल्या बनवायचा. आई गेल्यावर आक्कानेच त्याला वाढवलेलं. स्वभावाने भिडस्त, आपल्यामुळे कुणाला त्रास नको म्हणून स्वतःचं दुखणंसुद्धा कमी करून सांगणारा. शेजारी एक कलिंगडवाला गाडी लावायचा. भिंतीच्या सावलीवरून दोघांचं उन्हाळाभर धुमसत होतं.

त्या दुपारी भावाने आक्काच्या स्वतःच्या मोबाइलवर फोन केला. "ताई, कलिंगडवाल्याशी जरा तणातणी झालीय. गाडी पाठवतेस का? नुसती येऊन उभी राहिली तरी पुरे."

"पाठवते. तू तोंड उघडू नकोस," आक्का म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आमच्याकडे नियम असा, की घरच्या माणसाची तक्रार आपण नोंदवायची नाही, दुसऱ्या टेबलाकडे द्यायची. मागे एकाने मेव्हण्याच्या पार्किंगच्या कटकटीला दोन गाड्या धाडल्या होत्या, तेव्हापासूनचा हा नियम. आक्काने तक्रार पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवालीकडे दिली.

चष्मेवाली मनाने चांगली. म्हणाली, "मारामारी टाकू का आक्का? लवकर जाईल."

"नको गं. तो तणातणी म्हणाला ना? शाब्दिक वाद टाक. घरचा म्हणून फुगवलं, असं कुणी म्हणायला नको."

मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं. किती सरळ बाई, असं मनात आलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुठल्याशा सोसायटीत पाण्यावरून जुंपली होती. आक्काने त्या परक्या माणसाला विचारलं, "कुणाच्या हातात काही आहे का?"

भावाकडे गाडी पोहोचली तेव्हा भोवतीची गर्दी पांगली होती. तो किल्ल्यांच्या यंत्राशेजारी पडला होता. कलिंगड कापायचा सुरा पोटात बसला होता. दवाखान्यापर्यंतही तो टिकला नाही.

संध्याकाळी मी आक्काबरोबर त्याच्या घरी गेले. खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. आक्का भावजयीजवळ बसली आणि तिने तिला कुशीत घेतलं. भावजय रडत नव्हती.

"मी डबा घेऊन गेले होते, वन्सं," ती म्हणाली. "तो कलिंगडवाला सुरा घेऊन उभा होता. मी म्हटलं, पोलिसांच्या नंबरावर लावा. हे म्हणाले, तिथे कुणी परकं उचलेल, त्यापेक्षा ताईला लावतो. ती आपलं बघेल."

आक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मी यांच्या शेजारीच होते. तुम्ही काही विचारलं असतंत, तर मीच फोनवर ओरडून सांगितलं असतं. का नाही विचारलंत?"

"तो घरचा होता गं," आक्का कशीबशी म्हणाली.

भावजयीने तिचे हात हळूच आपल्या अंगावरून काढले आणि तिच्याच मांडीवर ठेवले. "मग आता जा तुम्ही," ती म्हणाली.