आठ दिवसांची तलवार

दोन हजार सातच्या दिवाळीत माझी ताई एका गढीच्या मागे हात धुऊन लागली होती. गढी दगडामातीची नव्हती. जुन्या जालन्यात धान्याच्या एका दुकानावर सायबर कॅफे होता, तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती होती. दर रविवारी सकाळी दहा ते अकरा तिच्यासाठी लढाई चाले आणि ठिकठिकाणचे लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून त्यात उतरत. अकराच्या ठोक्याला गढीत जो टिकून असेल, त्याचं नाव पुढच्या लढाईपर्यंत दरवाजावर लागे. ताईला तिथं आपलं नाव हवं होतं. तुळशीचं लग्न झालं की लगेच तिचं लग्न होतं आणि सासरी मुलीचं नाव बदलायची रीत होती. नवं नाव ठरूनही गेलं होतं. "जायच्या आधी एकदा तरी हे नाव कुठंतरी लागू दे," ती म्हणायची. आईची समजूत अशी, की आम्ही रविवारी कॉम्प्युटर शिकायला जातो.

ताई खेळायची फार छान. सहा महिने रानडुकरं मारून मारून तिनं एक लोखंडी तलवार कमावली होती. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर गेमवाल्यांनी गेममध्येच दुकान थाटलं! कॅफेतून कार्ड घ्या, नंबर टाका, की सोन्याची तलवार हातात. माझं डोकंच फिरलं. मग आम्ही डुकरांमागे काय हौस म्हणून धावलो? हे म्हणजे पैसे भरणाऱ्या पैलवानाला कुस्तीत आणखी दोन हात लावून देण्यासारखं झालं. कालपर्यंत ताईसमोर दोन मिनिटं न टिकणारे कापडाच्या ठोक दुकानाचे तरुण शेठ त्या रविवारी तिला एका फटक्यात आडवं करून गेले. वर शेजारच्या खुर्चीतून विचारतात, "ताई, लागलं का?"

भाऊबीज पुढच्याच रविवारी आली. सणामुळे कॅफे साडेदहाला उघडला आणि दहानंतर लढाईत शिरता येत नसे, त्यामुळे त्या दिवशीची लढाई बुडालीच. शेठची आधीची तलवार संपली होती, त्यांनी नवी घेतली. त्यांच्या पाठोपाठ मी ताईचा पासवर्ड टाकून तिच्या नावानं एक घेतली. एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो, खिसा गरम होता. पडद्यावर तलवारीची मुदत 'सात दिवस' अशी इंग्रजीत ढळढळीत लिहिलेली मी वाचली. पण आपल्याकडे आठवड्याला आठ दिवसच म्हणतात की! हा रविवार ते तो रविवार, झाले आठ दिवस. शेठही म्हणाले, "चला, आठ दिवस बिनघोर."

संध्याकाळी ताईनं ओवाळलं आणि मी ताटात चिठ्ठी टाकली: 'सोन्याची तलवार'. ती भडकलीच. "येड्या, ज्या दुकानाला मी शिव्या देऊन राह्यले, तिथंच तू खर्चा केला? ओवाळणी हाये म्हणून, न्हाईतर बिलकुल घेतली नसती." ओवाळणी परत करता येत नाही, हे हेरूनच मी ती चिठ्ठी ताटात टाकली होती.

पुढच्या रविवारी दोन सोन्याच्या तलवारी समोरासमोर आल्या. बाकीचे केव्हाच गारद झाले होते, पण या दोघांत कुणीच पडेना. साडेदहा वाजून गेले आणि शेठ एकदम ओरडले, "अरे, माझी तलवार कुठं गेली? कटपीस दिला का काय!"

कॅफेवाल्यानं येऊन पडदा वाचला. "शेठ, सात दिवस भरले."

"मंग दुसरं कार्ड दे, जल्दी!"

"दिवाळीत सगळी खपली, शेठ."

मी खुर्चीवरून उडालोच. आणि मग आठवलं, त्या दिवशी तलवार घेताना शेठच्या मागेच मी उभा होतो. "ताई, मार लवकर! आपली पण चालली!"

ताईनं मारलं नाही. तिनं सोन्याची तलवार स्वतःच बाजूला ठेवली आणि लोखंडी काढली. "शेठ, तुमची जुनी काढा. बराबरीत होऊ द्या." मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढची वीस मिनिटं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. अकराच्या ठोक्याला दरवाजावर ताईचं नाव लागलं, इंग्रजीत, चांगलं मोठं. शेठ उठून हसत म्हणाले, "मानलं ताई तुम्हाला." ताई मात्र त्या नावाकडे बघत बसली. मला इतका आनंद पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

शुक्रवारी लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले होते, त्यात दाजींनी अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि बायकांनी ते वाचून दाखवलं. पाठवणीला आई रडत होती, मीही रडत होतो. ताई माझ्या कानाशी आली.

"रविवारपर्यंत हाये ना रे मी तिथं?"

"हाये," मी म्हणालो. "अजून दोन दिवस." या वेळी मी बोटांवर मोजले होते.