ब्राझीलची कॅसेट आणि मोटरचा स्क्रू

मी लिहावं एवढा माझा वकूब नाही, माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि शिक्षण सगळं हिंदीत. पण चूक माझी आहे, ती दुसरा कोण लिहिणार?

साठेकाका काउंटरवर उभे होते आणि त्यांची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये गुंतून बसली होती. देवासला बी.एस्सी. करता करता मी टेप दुरुस्तीच्या दुकानात काम करायचो. काका रिटायर्ड फिटर. कारखान्यात मशीन बसवायला आलेला ब्राझीलचा एक इंजिनिअर सहा महिने त्यांच्या घरी जेवला. जाताना ही कॅसेट देऊन गेला. त्यांच्या देशातलं ‘शोरो’ नावाचं जुनं वादन.

“ऐकताना रडायचा रे तो,” काका म्हणाले. “जपून कर. तुझी काकू गेल्यापासून घरात एवढाच आवाज आहे.”

टेप सोडवली, जोडली, लावली. बासरी नुसती पळत होती. मागे छोटी गिटार, डफलीसारखं काहीतरी. माणूस रडतो ते संगीत एवढं घाईत? मला वाटलं, मोटर फास्ट झाली. मोटरच्या मागे एक स्क्रू असतो. तो फिरवला की टेपची गती बदलते. मात्र त्याआधी एखादी ओळखीची कॅसेट लावून बघायची असते.

“भिया, कब से एक ही लेके बैठे हो!” मालक ओरडले.

मी ओळखीची कॅसेट लावलीच नाही. बासरी उदास होईपर्यंत स्क्रू फिरवला आणि जुनी टेप टिकणार नाही म्हणून तसंच नव्या कॅसेटवर भरलं. जुनी टेप जोडावर पुन्हा तुटली. फेकून दिली.

आठवड्यानं काका आले.

“हे ते नाही रे. त्यावर पाय हलायचे. काकू पोळ्या लाटताना मान डोलवायची.”

“काका, मोटर फास्ट होती. आता बरोबर झालंय.”

त्यांनी कॅसेट पिशवीत टाकली. “असेल बाबा. तू शिकलेला.”

पुढे मी धारला नोकरीला लागलो. तिथल्या सायबर कॅफेत एकदा सहज ‘शोरो’ शोधलं. बासरी पळत होती. दुसरं लावलं, तेही तसंच. हेडफोन काढवेना. रडू त्या पळण्याच्या आतच होतं. काका परत आले तेव्हा तोच स्क्रू उलटा फिरवला असता तरी पुरलं असतं. ओळखीची कॅसेट आधी लावावी, धडा एवढाच.

मी सीडी भरून घेतली आणि काकांच्या घरी फोन लावला. त्यांच्या मुलीनं उचलला.

“बाबा गेले. दोन वर्षं झाली.”

मी कॅसेटचं विचारलं.

“ती? नंतर लावलीच नाही त्यांनी. म्हणायचे, कॅसेट बरोबर आहे, माझेच कान गेलेत.”