वाफेच्या काकूंच्या कोपरावरचा डाग

वाफेच्या काकूंच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा तांबूस डाग आहे. त्यांच्या धंद्याचा शिक्काच म्हणा ना! तो लपवण्यातल्या काकू नव्हेत. फक्त एका माणसासमोर त्या बाही खाली ओढत, आणि ते माणूस म्हणजे त्यांची थोरली नणंद.

काकूंचा धंदा बायकांना वाफारा देण्याचा. पाळीत ओटीपोट दुखणाऱ्या, दिवसभर मशीनपुढे उभ्या राहून कंबर धरलेल्या बायका त्यांच्या मागच्या खोलीत येतात. मधोमध लाकडी स्टूल, त्याला बैठकीत गोल भोक. काकूंचे यजमान सुतार. पंचवीस वर्षांपूर्वी ते हे स्टूल करायला बसले तेव्हा शेजाऱ्यांनी विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं होतं. "कुंडी ठेवायला," असं ते मान वर न करता सांगत. स्टुलाखाली गरम पाण्याचं पातेलं, पाण्यात मूठभर सुका पाला, वर बसलेल्या बाईच्या कमरेभोवती जाड चादर. पाला कसला म्हणून कुणी विचारलं की काकू हसतात. "वासाला घालते गं. खरं औषध म्हणजे ती दाराची कडी. एकदा लावली की वीस मिनिटं तुला कुणी हाक मारत नाही."

कुणालाही बसवण्याआधी काकू स्वतः खाली बसतात, उघडं कोपर त्या भोकावर धरतात आणि शंभरपर्यंत मोजतात. चटका बसला की पातेलं बाजूला. जरा निवू द्यायचं आणि पुन्हा एकपासून मोजायचं. ही सवय एका चुकीतून लागली. अगदी पहिल्याच बाईला त्यांनी घाईघाईत पोळवलं होतं, आणि ती बाई दुसरीतिसरी कुणी नव्हे, हीच नणंद! वन्संना आठवडाभर धड बसता आलं नाही. पुढे चार वर्षं त्यांनी अबोला धरला. तो सुटला खरा, पण चार माणसं जमली की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "आमची भावजय बायका उकडते."

एका दुपारी याच वन्सं आपणहून दारात उभ्या राहिल्या. "दे बाई तुझी ती वाफ. ओटीपोट जड झालंय."

काकूंना आभाळ ठेंगणं झालं. वन्सं पुन्हा त्या स्टुलावर बसणार! त्यांनी कोरी चादर काढली, पाणी गॅसवर ठेवलं आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. ताप आहे का, कुठले टाके ओले आहेत का, दिवस गेलेत का, पाळी सोडून अंगावरून जातंय का.

"दिवस? अगं, साठीला आले मी!" वन्सं फिस्कारल्या. मग आवाज खाली आला. "अंगावरून जरा लाल जातंय. पाळी जाऊन आठ वर्षं झाली, आणि आता हे. म्हणूनच आले ना. वाफेनं साफ होईल सगळं."

काकूंनी गॅस बंद केला.

"नाही वन्सं. याला वाफ नाही, याला डॉक्टर."

"जगाला बसवतेस आणि मला नाही? इतकी वर्षं डूख धरून बसलीस होय?"

डूख कुणी धरला होता ते काकूंनी बोलून दाखवलं नाही. वन्संनी पिशवी उचलली आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाही असं बजावून त्या तरातरा निघाल्या. कसंबसं जुळत आलेलं नातं पुन्हा तुटत होतं. वीस मिनिटं बसवलं असतं तर वन्सं खूश होऊन घरी गेल्या असत्या, आणि ते लाल तसंच चालू राहिलं असतं. काकूंनी चपला अडकवल्या आणि बसथांब्यावर त्यांचा हात धरला.

"आयुष्यभर बोलू नका माझ्याशी. पण आत्ता दवाखान्यात चला."

वन्संनी हात सोडवून घेतला, पण त्या गेल्या. तपासण्या झाल्या. गर्भाशयात गाठ निघाली, वाईट जातीची, पण अगदी सुरुवातीची. लवकर आलात, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. ऑपरेशन नीट पार पडलं.

चौथ्या दिवशी काकू वन्संची उशी सारखी करत होत्या, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना तो डाग दिसला. "हे कशानं भाजलं?"

काकूंचा हात सवयीनं बाहीकडे गेला. चोरी काय केली होती? वाफारा, भोकावर धरलेलं कोपर, शंभरपर्यंत मोजणं, सगळं त्यांनी सरळ सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "वाफेनं पोटातलं काही साफ होत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे म्हणून तर यांना तुमच्याकडे आणलं," काकू म्हणाल्या.

"आणि तो डाग माझ्यामुळे आहे," पलंगावरून वन्सं बोलल्या. आवाज अशक्त होता, पण पलीकडच्या तिन्ही खाटांना ऐकू जाईल इतका त्यांनी चढवला. "मला एकदा भाजलं, तेव्हापासून प्रत्येक बाईच्या आधी ही स्वतःचा हात धरते. पंचवीस वर्षं. आमची भावजय आहे ती."

तिन्ही खाटांवरच्या बायका वळून बघायला लागल्या. काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी बाही कोपराच्या वर सारली.