कोपऱ्यातली स्क्रीन मीच बंद करायची

अंधेरीला इमारतींचे नकाशे काढायचं एक ऑफिस आहे, तिथं मी झाडलोट करते. साहेबांनी सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, पण कॉम्प्युटर ऑफिसातच चालू ठेवले. माणसं घरी बसून इथले कॉम्प्युटर चालवायची. खुर्ची रिकामी, आणि स्क्रीनवर रेघा आपोआप ओढल्या जायच्या. पहिल्या दिवशी मी झाडू घेऊन लांबच उभी राहिले. मग सवय झाली.

साहेबांनी बजावलेलं, टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यांना हात लावायचा नाही. नाही लावला. पण बाकीच्या स्क्रीन काम संपलं की आपसूक विझायच्या, कोपऱ्यातली तेवढी जळत राहायची. समोर माणूस नाही. आमच्या आईनं मारून शिकवलेलं, उठलं की दिवा बंद. जाताना मी स्क्रीनचं बटण दाबायची. डबा चालू आहे ना, मग झालं.

तो कॉम्प्युटर दहिसरच्या एका मुलीचा. तिचा फोन आला. "मावशी, रोज तुम्ही गेलात की मला इथं सगळं काळं दिसतं. साहेब म्हणतात, मी घरी झोपा काढते. तुम्ही कशाला हात लावता का हो?"

मी म्हटलं, "नाही गं बाय."

त्या दिवशी बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन करून विचारलं. म्हणाली, "काल दिसत होतं." तेव्हा मला कळलं. पुन्हा बटण दाबलं नाही, पण कुणाला सांगितलंही नाही. या वयात दुसरं काम कोण देणार?

चार दिवसांनी साहेबांचा फोन. "मावशी, तिला काढली. तिचं सामान पिशवीत भरून ठेवा."

भरलं. एक कप, एक स्वेटर, चपला. मग मीच साहेबांना फोन लावला. "स्क्रीन मी बंद करायची."

"तिनं शिकवलं का हे बोलायला?"

"तुम्ही घरून तिचा कॉम्प्युटर उघडा. मी बटण दाबते."

दाबलं. "काळं झालं," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "लावा परत." लावलं. "एवढे दिवस का नाही सांगितलं?"

"काम जाईल म्हणून."

मला ठेवलं. तिलाही परत बोलावलं त्यांनी. ती आली, पण पिशवी न्यायला. मी तिला तोंडावर सांगितलं सगळं.

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, मावशी?"

"विचारलं होतंस."

"मग?"

 पाणी देऊ का विचारलं. नको म्हणाली.