वरचा सूर

नाटक कंपनीत तिला सगळे 'बारावा गडी' म्हणायचे. आधी चिडवायला म्हणून, मग तेच नाव पडलं. तिचं काम एकच: मुख्य भूमिका करणाऱ्या बाई कधी आजारी पडल्याच, तर त्यांच्या जागी उभं राहायचं. आणि बाई होत्या खणखणीत. ताप आला तर अंगावर काढायच्या, सर्दी झाली तर विंगेत नाक शिंकरून हसतमुखाने रंगमंचावर जायच्या. त्यांची तब्येत कशी आहे हे रोज इतक्या आस्थेने विचारणारं आणि विचारून झाल्यावर मनातल्या मनात जीभ चावणारं माणूस कंपनीत दुसरं नव्हतं.

प्रयोग सुरू झाला की ती पडद्याच्या दोरांशेजारी एका डुगडुगत्या स्टुलावर बसायची. बसायची कसली, बसल्या जागी अख्खी भूमिका करायची. बाईंनी मान वळवली की हिची मान वळायची, त्यांनी श्वास घेतला की हीही घ्यायची. ओठ हलायचे, आवाज मात्र नाही. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की इथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही. बाई थांबतात तिथेच प्रकाश पडतो, त्या वळल्या की मागची मंडळी गायला लागतात. तू वितभर इकडची तिकडे झालीस की सगळ्या खेळाचा विचका. तिने ते इतकं मनावर घेतलं की पुढेपुढे बाई डोळे मिटायच्या तिथे हिचेही मिटायचे.

नाटकाचं शेवटचं गाणं म्हणजे एक लांबलचक हाक. सोडून गेलेल्या माणसाला नायिका जिन्यावर उभी राहून हाक मारते आणि ती हाक एका उंच सुरावर जाऊन थांबते. निदान लिहिली तरी तशीच होती. पण बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तो सूर गेला. तेव्हापासून त्या दोन पायऱ्या खाली उतरायच्या, तोंड जरासं बाजूला करायच्या आणि हाक खालच्या सुरात संपवायच्या. इतक्या झोकात, की बघणाऱ्याला वाटावं हे असंच आहे. गाण्याची चाल बांधणारा पियानोवाला मास्तर मात्र त्या जागी रोज मान खाली घालायचा.

हिला तो सूर लागायचा. घरी ओट्याशी भांडी घासताना सहज लागायचा. आणि तो ऐकायला घरात एकच माणूस होता, अण्णा, तिचे वडील. जन्मभर बस चालवलेला माणूस. गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती लहान असताना तिला क्लासला न्यायचे ते आपल्याच बसमधून, स्वतःच्या मागच्या सीटवर बसवून. परत येताना विचारायचे, "आज कुठवर गेलीस?" जणू तीही एखाद्या मार्गावरची गाडीच. तो सूर तेवढा त्यांना ओळखू यायचा. तो लागला की वाचत असतील तो पेपर खाली ठेवायचे.

नाटक मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. फुकटचे पास मिळत, पण ते म्हणायचे, दुसऱ्याची पोरगी बघायला मी कशाला येऊ, तू उभी राहशील तेव्हा येईन. आता त्यांचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, झोपायला तीन उशा लागायच्या, डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली होती. तरी ती कामावरून आली की ते नजर वर करून बघायचे, ती 'आजही नाही' अशी मान हलवायची, आणि दोघं जेवायला बसायची. वेळ फार उरलेला नाही हे दोघांनाही कळत होतं.

एका रविवारी सकाळी बाई बाथरूममध्ये घसरल्या आणि पाय मुरगळला. दुपारचा प्रयोग हिच्यावर आला. फोन ठेवला तेव्हा अण्णा कपाटातून कोट काढत होते. ती डॉक्टरांचं नाव घेणार तोच म्हणाले, "त्यांचं उद्यापासून ऐकतो."

बाईंचा झगा तिला ढगळ होत होता. शिंप्याने पाठीमागून टाचण्या मारून तो अंगाबरोबर केला. तेवढ्यात मास्तर मेकअपच्या खोलीच्या दारात आला. एरवी तो मोजकंच बोलायचा.

"आज वरचा घे," तो म्हणाला. "मी थांबतो पियानोवर. मालकांचं मी बघून घेईन."

प्रयोग सुरेख रंगला. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीत अण्णांचा कोट तिला दिसत होता, आणि त्याची भीती न वाटता उलट धीर येत होता. मध्यंतरानंतर तर रंगमंचावरचे कामगारसुद्धा कामं सोडून विंगेत येऊन उभे राहिले. शेवटचं गाणं आलं. ती जिन्यावर चढली, मास्तरने हात वर धरले आणि वाट बघत थांबला.

आणि तिचा पाय एक पायरी खाली उतरला. मग दुसरी. मान बाजूला वळली, आणि हाक निघाली ती खालच्या सुरात, बाईंच्या वाटेने. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता आणि तो परत फिरवता येत नव्हता. घसा मोकळा होता, श्वास भरपूर होता, भीतीचा लवलेश नव्हता. आड आली ती निव्वळ सवय. इतकी वर्षं स्टुलावर बसून ती मुक्याने जे गात आली होती तेच अंगाने पाठ करून ठेवलं होतं. मास्तरने पियानोवर घाईने खालचा सूर धरून तिला सांभाळून घेतलं.

टाळ्या थांबेनात. मालक धावत आत आले, म्हणाले, फरकच कळला नाही, बाईच उभ्या होत्या म्हणा ना. तिच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक होतं आणि ते ऐकता ऐकता ती बाईंच्या झग्याच्या टाचण्या उपसत होती. मास्तर जाताना खांद्यावर हात ठेवून गेला, ते तर अजूनच लागलं.

टॅक्सीत अण्णांनी तिचा हात हातात घेतला आणि छान झालं म्हणाले. तिला राहवलं नाही.

"मास्तरांनीच सांगितलं, अण्णा. आज खालूनच घे म्हणाले."



"मध्यंतरात भेटले होते ते मला," अण्णा म्हणाले. "मुद्दाम सांगायला आले होते, की आज वरचा लागणार आहे." मग थोडं हसले. "मी शेजारच्या माणसालाही सांगून ठेवलं होतं, आता नीट ऐका."

घरी आल्यावर तिने त्यांना उशांना टेकून बसवलं, आणि ती तशीच, चेहऱ्यावरचा रंगही न पुसता, त्यांच्यासमोर उभी राहून गायला लागली. हाकेपर्यंत पोचायच्या आतच अण्णांनी हात वर केला.

"राहू दे, बाळा. घरात तर तू रोजच लावतेस."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, तिला निदान रडता तरी आलं असतं. तिने त्यांचे बूट काढले, पायाखाली उशी सरकवली आणि पाणी आणून दिलं.

बाई आठवड्याभरात परत आल्या आणि ती परत स्टुलावर. त्या मोसमात त्यांना पुन्हा काही झालं नाही. अण्णा मात्र मोसम संपायच्या आत गेले, दुपारी पेपर वाचता वाचता.

पुढे बाईंनीच भूमिका सोडली आणि ती हिच्याकडे आली. तालमीत मास्तरने तिला जिन्याच्या टोकाशी उभं केलं आणि पायरी उतरू दिली नाही. चार दिवसांत सवय मोडली. एवढेच काय ते दिवस लागले. आता ती वरच्या पायरीवर उभी असते आणि सूर रोज लागतो. सर्दी असली तरी लागतो, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी लागतो. लोक भेटायला आत येतात, इतका अवघड सूर रोज कसा साधतो म्हणून विचारतात. ती सांगते की त्यात अवघड काही नाही. आणि खरंच नाही, हेच तिला सहन होत नाही.