तक्रारीला जोडायच्या तीन प्रती

पोलीस ठाण्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी भाडेकराराच्या प्रती काढायला उभा होतो. माझ्यापुढे तिशीतली एक बाई होती. मोबाइल पुढे करत ती दुकानदाराला म्हणाली, "दादा, या फोटोच्या तीन प्रती हव्यात. माझाच आहे. नवऱ्याने सगळीकडे पाठवलाय. तक्रारीला जोडायला साहेबांनी मागितल्यात."

दुकानदाराने मान खाली घातली आणि छपाई मुद्दाम फिकी ठेवली. कागद बाहेर येत होते तसतशी ती त्यांच्यावर तळहात ठेवत होती.

फोटो पसरू नये म्हणून कायदा, आणि त्याच्या दारात पाऊल ठेवायचं तर आधी आपणच तीन प्रती वाटायच्या. मागच्या महिन्यात याच ठाण्याने गावातल्या प्रदर्शनातून एका विवस्त्र स्त्रीचं चित्र उतरवलं. कुणाच्या तरी भावना दुखावल्या होत्या आणि त्याचा एक फोन पुरला. चित्रातली बाई रंगांची होती, तिचं कुणी काही बिघडवलं नव्हतं. तिला झाकायला सगळे धावले. तेव्हा प्रती कुणी मागितल्या नाहीत. अब्रूची एवढी चाड असलेल्या या लोकांची मला किळस येते.

माझे कागद निघेपर्यंत ती परत आली. तिन्ही प्रती तिने छातीशी उलट्या धरल्या होत्या.

"दादा, गडद काढून द्या," ती म्हणाली. "साहेब म्हणतात, चेहरा नीट दिसत नाही."